पोलीस अधिनियम, १८६१

पोलीस अधिनियम, १८६१ (१८६१ चा अधिनियम क्रमांक ५) हा ब्रिटिश भारतातील पोलीस दलाची रचना, अधिकार व कर्तव्ये ठरविणारा कायदा होय. तो २२ मार्च १८६१ रोजी अमलात आला. स्वातंत्र्यानंतरही अनेक राज्यांत तो दीर्घकाळ लागू राहिला.

पार्श्वभूमी

१८४३ मध्ये सिंध जिंकल्यानंतर चार्ल्स नेपियर यांनी आयर्लंडमधील सशस्त्र दलाच्या धर्तीवर तेथे स्वतंत्र पोलीस दल उभारले. १८५७ च्या उठावानंतर सैन्यावर विसंबून न राहता अंतर्गत शांतता राखणारे, शासनाच्या पूर्ण नियंत्रणातील दल सर्वत्र असावे, असा विचार बळावला. १८६० मध्ये एम. एच. कोर्ट यांच्या अध्यक्षतेखाली पोलीस आयोग नेमण्यात आला. त्याच्या शिफारशींवर हा कायदा आधारलेला आहे.

प्रमुख तरतुदी

* कलम ३ : पोलीस दलावरील देखरेखीचा अधिकार प्रांतिक शासनाकडे.
* कलम ४ : दलाचे प्रशासन महानिरीक्षकाकडे. जिल्हा अधीक्षक मात्र जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या सर्वसाधारण नियंत्रणाखाली. यालाच 'दुहेरी नियंत्रण' म्हणतात.
* कलम १५ : अशांत प्रदेशात जादा पोलीस नेमून त्यांचा खर्च रहिवाशांकडून वसूल करणे.
* कलम ३० : सभा व मिरवणुकींचे नियमन.

कर्तव्यात कसूर करणाऱ्या पोलिसास कलम २९ नुसार शिक्षा होत असे. परंतु नागरिकांच्या तक्रारी ऐकणारी स्वतंत्र यंत्रणा कायद्यात नव्हती. दल शासनाला उत्तरदायी होते, जनतेला नव्हे, हाच या कायद्यावरील मुख्य आक्षेप आहे.

मुंबई इलाखा व महाराष्ट्र

मुंबई इलाख्याने १८६७ व १८९० मध्ये जिल्हा पोलिसांसाठी स्वतंत्र कायदे केले. जादा पोलिसांची तरतूद येथेही होती. १८९७ मध्ये रँड यांच्या हत्येनंतर पुण्यात असे दल ठेवून त्याचा भार शहरवासीयांवर टाकण्यात आला. मुंबई शहराची व्यवस्था वेगळी होती. तेथे फ्रँक सूटर हे १८६४ मध्ये पहिले पोलीस आयुक्त झाले, तर १९०२ मध्ये शहरासाठी निराळा कायदा झाला.

मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ (आताचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम) याने शहर व जिल्हा पोलिसांना एकाच कायद्याखाली आणले. त्याच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश निघतात. १९६५ मध्ये पुणे व नागपूर येथे पोलीस आयुक्तालये स्थापन झाली. आयुक्तालयाच्या हद्दीत असे आदेश आयुक्त काढतो, जिल्ह्यात जिल्हा दंडाधिकारी.

सुधारणांचे प्रयत्न

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार पोलीस व सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्यांचे विषय आहेत. धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय पोलीस आयोगाने (१९७७–८१) नवा कायदा सुचविला, पण त्याच्या शिफारशी बहुतांशी बाजूला पडल्या. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांनी १९९६ मध्ये केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी निकाल दिला. राज्य सुरक्षा आयोग, पोलीस महासंचालकास किमान दोन वर्षांचा कार्यकाल आणि पोलीस तक्रार प्राधिकरण हे त्यातील प्रमुख निर्देश आहेत. तपासाचे काम कायदा व सुव्यवस्थेच्या कामापासून वेगळे करावे आणि त्याची सुरुवात दहा लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांपासून करावी, असेही न्यायालयाने सांगितले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये आपल्या अधिनियमात त्या अनुषंगाने दुरुस्ती केली. राजकीय हस्तक्षेपापासून पोलिसांना मुक्त ठेवतानाच त्यांना जनतेप्रती जबाबदार कसे करावे, हा या सुधारणांमागील मूळ प्रश्न आहे.