एक पट्टा, अनेक साचे

काही शाळांच्या संगणक-खोलीत एक लहानशी पेटी असते. तिच्या मागच्या बाजूला दोन किंवा चार संगणक जोडलेले असतात आणि पुढे मात्र एकच कळफलक, एकच माउस, एकच पडदा. बटण दाबले की हे तिन्ही एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जातात. बाजारात हिला केव्हीएम स्विच म्हणतात. कीबोर्ड, व्हिडिओ आणि माउस यांची ही आद्याक्षरे. वरून सारख्याच दिसणाऱ्या या पेट्यांच्या किमतींत बराच फरक असतो. मग कोणती घ्यावी?

उत्तर शोधताना आम्हाला लालबागच्या गिरण्या आठवल्या. एक साधन अनेकांत कसे वाटायचे, हा प्रश्न तिथल्या साचेखात्यात शंभर वर्षांपूर्वीच सोडवलेला होता.

साचेखात्यातला दांडा

कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापन केलेली ताडदेवची कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा या भागात गिरण्यांची दाटी झाली. वाफेचे इंजिन महाग आणि अवजड असते. प्रत्येक साच्याला, म्हणजे मागाला, वेगळे इंजिन देणे शक्यच नव्हते. म्हणून एका मोठ्या इंजिनावर गिरणीतली यंत्रे चालत. इंजिनाच्या प्रचंड चाकावरून दोरखंडांनी गती प्रत्येक मजल्यावर जाई. तिथे छताखाली एक लांब दंड अखंड फिरत राही आणि त्याच्यावरून चामड्याचे पट्टे खाली एकेका साच्यावर उतरत.

आता समजा, एका साच्यावरचा धागा तुटला. तो साचा थांबवायलाच हवा. पण त्यासाठी इंजिन थांबवले, तर शेकडो साचे बंद पडतील. पट्टा काढून टाकावा, तर फिरत्या दंडावर तो पुन्हा चढवताना हात जायचा. यावरचा उपाय फार सुंदर होता. साच्याच्या आसावर शेजारी शेजारी दोन पुल्या बसवत. एक आसाला पक्की जोडलेली, दुसरी आसावर मोकळी फिरणारी. विणकराने दांडा सरकवला की पट्टा पक्क्या पुलीवरून मोकळ्या पुलीवर जाई. साचा थांबे, पण पट्टा फिरतच राही. धागा जोडून दांडा उलटा सरकवला की साचा पुन्हा चालू.

मोकळ्या पुलीचे काम नीट लक्षात घेऊ. तिच्यामुळे एक वारही कापड विणले जात नाही. जोडणी तुटलेली असतानाच तिचा उपयोग असतो. ती पट्टा जागेवर आणि गतीत ठेवते, म्हणून पुन्हा जोडणे सोपे आणि सुरक्षित होते. वाटपाच्या चांगल्या यंत्राला अशी दोन कामे करावी लागतात. ज्याची पाळी आहे त्याला जोडणे हे पहिले, आणि ज्याची पाळी नाही त्याला नीट सांभाळणे हे दुसरे.

१९१५ मध्ये टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. सुरुवातीला एका विजेच्या मोटारीवर एक दंड आणि त्यावर अनेक यंत्रे, अशी रचना सर्रास असे. पुढे मोटारी लहान आणि स्वस्त झाल्या, तशी एकेका यंत्राला स्वतःची मोटार मिळाली आणि पट्ट्यांचे जाळे नाहीसे होत गेले. साधन स्वस्त झाले की त्याचे वाटप थांबते.

एक संगणक, अनेक माणसे

संगणकाच्या बाबतीतही सुरुवात अशीच झाली. मुंबईतल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये काम करू लागला. १९६४ मध्ये तिथेच सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. त्याच्यावर इतर संस्थांचे संशोधकही आपली गणिते करून घेत. छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि उत्तर छापून येण्याची वाट पाहायची, अशी ही पद्धत. आपली पाळी नसेल तेव्हा माणसाला काहीच करता येत नसे.

याच सुमारास अमेरिकेत वेगळा विचार चालू होता. १९६१ मध्ये एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच संगणकाचा वेळ अनेकांत वाटून दाखवला. संगणक प्रत्येकाला क्षणभर वेळ देई आणि पुढच्याकडे वळे. हे इतक्या झपाट्याने होई की, आपली पाळी गेली होती हे समोरच्याला सहसा कळतही नसे. ज्याचे काम थांबवले, त्याची सगळी स्थिती संगणक जपून ठेवी. मोकळी पुलीच ही, फक्त लोखंडाची नव्हे.

वाटप उलटे झाले

१९७१ मध्ये मायक्रोप्रोसेसर बाजारात आला, १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला आणि संगणक स्वस्त होत गेले. आता एका माणसाकडे अनेक संगणक, अशी स्थिती काही ठिकाणी आली. १९८२ च्या संपानंतर लालबाग-परळच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांतल्या अनेक जागांवर कार्यालये उभी राहिली. जिथे कित्येक संगणक एका कपाटात रचलेले असतात, तिथे प्रत्येकाला वेगळा पडदा देणे म्हणजे जागेची उधळपट्टी. अशा कामासाठी केव्हीएम स्विच वापरात आला.

पहिल्या पेट्यांत फक्त फिरवायचा खटका होता. तो तारा तोडी आणि जोडी, एवढेच. यात अडचण लगेच दिसली. त्या काळचा संगणक सुरू होताना आधी कळफलक चाचपून पाहत असे. तो सापडला नाही, तर तक्रार करून बरेचदा तिथेच थांबे. १९८७ च्या पीएस/२ पद्धतीचा माउस चालू संगणकापासून तोडून पुन्हा जोडला, तर तो अनेकदा प्रतिसाद देत नसे. म्हणजे ही पेटी पट्टा सरकवत होती, पण तिच्यात मोकळी पुली नव्हती.

मग पेटीतच लहान इलेक्ट्रॉनिक मंडल बसवले गेले. पाळी नसलेल्या संगणकाला ते सांगत राही, ‘कळफलक आहे, माउसही आहे.’ १९९६ मध्ये आलेल्या यूएसबीमुळे चालू संगणकाला साधने जोडता-तोडता येऊ लागली. तरी साध्या पेटीत दर वेळी नव्याने ओळख व्हावी लागते आणि त्यात क्षण-दोन क्षण जातात. पडद्याचेही तसेच. पडदा आपली लांबी-रुंदी आणि क्षमता संगणकाला कळवतो. हा निरोप पेटीने जपून ठेवला नाही, तर संगणकाला पडदा गेल्यासारखे वाटते आणि परत येऊन पाहावे तो खिडक्या विस्कटलेल्या.

दुकानात काय पाहावे

आपल्या संगणकांची सॉकेट आणि पेटीची सॉकेट जुळतात का, हे आधी पाहावे. पडद्याची तार जुन्या व्हीजीए पद्धतीची असेल, तर ती आखूड घ्यावी. लांब तारेने अक्षरे धूसर होतात. मग लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराला एक चाचणी करू द्यायला सांगावे. पेटीला दोन संगणक जोडा. बटण पहिल्यावर ठेवा आणि दुसरा बंद करून पुन्हा सुरू करा. तो पूर्ण सुरू झाल्यावर त्याच्याकडे वळा. कळफलक, माउस आणि पडद्याचा आकार सगळे जागच्या जागी असेल, तर पेटी चांगली. ही परीक्षा पाळी नसलेल्या संगणकाची आहे, हे ध्यानात आलेच असेल.

पण शाळेत ही पेटी घेण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. आपल्याकडे कमी काय आहे? शिक्षकाला एका टेबलावरून दोन-तीन संगणक सांभाळायचे असतील, तर ती उपयोगी आहे. बहुतेक वर्गांत मात्र संगणक एक आणि मुले पाच असतात. तिथे गरज नेमकी उलटी असते. कळफलक एकाच धीट मुलाच्या हाती राहतो आणि बाकीची मुले नुसती पाहतात. २००६ च्या सुमारास बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये उदय सिंग पवार, जोयोजीत पाल आणि केंटारो टोयामा यांनी यावर काम केले. एकाच संगणकाला अनेक माउस जोडून त्यांनी प्रत्येक मुलाला पडद्यावर वेगळ्या रंगाचा बाण दिला. त्यामुळे कडेला बसणाऱ्या मुलालाही स्वतः काही करता येऊ लागले.

इतका खटाटोप जमला नाही, तरी एक प्रयोग जरूर करावा. विणकामाच्या सुईवर दोन रिकामी रिळे घाला, एक डिंकाने पक्के आणि एक मोकळे. रबरी पट्ट्याने ती एका मोठ्या रिळाला जोडून फिरवा आणि काडीने पट्टा इकडून तिकडे सरकवा. मुलांना विचारा, मोकळे रीळ काय काम करते? ‘काहीच नाही’ असे उत्तर येईल. ते रीळ काढून टाकून पुन्हा करायला सांगा. आणि पुढच्या संगणकाच्या तासाला, कळफलक ज्यांच्या हातात नाही ती मुले त्या वेळात काय करतात, हे आपण स्वतः टिपून ठेवा.