कोर्लई : साम्राज्य गेले, सांजेची प्रार्थना राहिली

१/
गव्हाण हे पनवेल तालुक्यातील खाडीकाठचे गाव. त्याच्या शेजारी उरण, म्हणजे जुन्या कागदपत्रांतील करंजा बेट. अठराव्या शतकात मराठ्यांनी उत्तर कोकण जिंकून घेईपर्यंत तेथे पोर्तुगिजांचा अंमल होता. हाच किनारा धरून दक्षिणेस उतरत गेले, अलिबाग मागे टाकले, की कुंडलिका नदीच्या मुखाशी एक डोंगर समुद्रात शिरलेला दिसतो. तो कोर्लईचा किल्ला. रायगड जिल्ह्यातील दुर्गप्रेमींना तो परिचित आहे. त्याच्या पायथ्याच्या गावाकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. हा धागा त्या गावातील ख्रिस्ती वस्तीविषयी आहे.

२/
प्रश्न असा : एखादा धर्म सत्तेच्या सावलीत रुजला आणि ती सत्ताच एके दिवशी जहाजात बसून निघून गेली, तर त्या धर्माचे काय होते? सरदार नाही, शिबंदी नाही, वतन नाही, दरबारी आश्रय नाही. उरते ते सामान्य माणसांचे घर आणि त्या घरातील रोजची उपासना. कोर्लईत ही कसोटी १७४० मध्ये लागली. तिचे उत्तर आजही तेथे राहते.

३/
आधी पार्श्वभूमी. चौल हे पश्चिम किनाऱ्यावरील अतिप्राचीन बंदर. मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तच्या मामलुक आरमाराशी व गुजरातच्या गलबतांशी झालेल्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा पुत्र लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. तरीही पोर्तुगीज हटले नाहीत. १५२१ मध्ये अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडून त्यांनी परवानगी मिळवली आणि १५२४ पर्यंत आजच्या रेवदंड्यात कोट उभा केला.

४/
खाडीच्या दुसऱ्या तीरावरचा डोंगर निजामशाहीकडे होता. त्यावर तोफा चढल्या तर रेवदंडा थेट माऱ्यात येत असे. १५९४ मध्ये पोर्तुगिजांनी हल्ला करून तो किल्ला घेतला. तोच कोर्लई. तटाच्या आत त्यांनी उभारलेल्या प्रार्थनामंदिराचे अवशेष आजही दिसतात. म्हणजे तोफ आणि क्रूस एकाच डोंगरावर शेजारी शेजारी होते. हे चित्र विसरून चालणार नाही.

५/
कारण पोर्तुगिजांचा धर्मप्रसार हा निव्वळ उपदेशाचा इतिहास नाही. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायासन बसले. पोर्तुगीज मुलखात देवळे पाडली गेली, धर्मांतरासाठी कायद्याचे दडपण आले आणि सवलतींचे आमिषही. कोर्लईच्या पायथ्याशी जी ख्रिस्ती वस्ती वाढली तिच्यात, अभ्यासकांच्या मते, पोर्तुगीज शिपायांचे वंशज होते, तसेच समाजाच्या खालच्या थरांतून ख्रिस्ती झालेली स्थानिक माणसेही होती. पहिल्या पिढीने हा धर्म कोणत्या परिस्थितीत स्वीकारला, ते त्यांच्या तोंडून ऐकण्याची आज सोय नाही. नातवंडांनी त्याचे काय केले, ते मात्र इतिहासाला दिसते.

६/
मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई जिंकली आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्तेचा कणा मोडला. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १७४० मध्ये तह झाला. इंग्रजांनी मध्यस्थी केली होती. तहानुसार चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे सोपवण्यात आले. अधिकारी आणि शिबंदी गोव्याकडे निघाली. ज्यांच्यापाशी पैसा, नाते किंवा हुद्दा होता, त्यांच्यासाठी गोवा खुला होता. ज्यांच्यापाशी यांतले काहीच नव्हते, ते मागे राहिले.

७/
मागे राहिलेल्यांची स्थिती विलक्षण होती. नव्या राज्यकर्त्यांच्या दृष्टीने ते पराभूत शत्रूच्या धर्माचे. शेजारच्या जातींच्या दृष्टीने रोटी-बेटी व्यवहाराबाहेरचे. पोर्तुगिजांच्या दृष्टीने मात्र नाव घेण्याजोगेही नाहीत. उत्तर कोकणात अन्यत्र काही ख्रिस्ती कुटुंबे पुढे पूर्वधर्मात परतल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे परतीची वाट अगदीच बंद नव्हती. कोर्लईची वस्ती मात्र ख्रिस्तीच राहिली.

८/
मराठी राज्याविषयीही एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. फ्रेंच प्रवासी आंकेतिल द्युपेरों १७६० च्या सुमारास साष्टीतून गेला, तेव्हा मराठ्यांच्या अमलाखाली ख्रिस्ती उपासना उघडपणे चालू असल्याचे त्याला दिसले. पोर्तुगीज पाद्री निघून गेले होते, त्यांची जागा एतद्देशीय पाद्र्यांनी भरून काढली होती. सत्ता बदलली म्हणून घंटा थांबली नाही. ती वाजवणारे हात मात्र आता येथलेच होते.

९/
श्रद्धा टिकते म्हणजे नेमके काय टिकते? कॅथलिक परंपरेत याचे फार व्यावहारिक उत्तर आहे. पश्चिम किनाऱ्यावरील कॅथलिक घरांत सांजेला ‘तेर्स’ म्हणण्याची चाल आहे. पोर्तुगीज भाषेत ‘तेर्सो’ म्हणजे तिसरा भाग. संपूर्ण जपमाळेत मारियेच्या वंदनाच्या दीडशे आवृत्त्या. त्यांचा तिसरा हिस्सा, म्हणजे दहा-दहाच्या पाच फेऱ्या, रोज घरी म्हणायच्या. त्याला पाद्री लागत नाही, चर्चची इमारत लागत नाही, अक्षरओळखही लागत नाही. लागतो तो दिवा लावल्यानंतरचा थोडा वेळ आणि शब्द पाठ असलेले एखादे वडीलधारे माणूस.

१०/
बाप्तिस्म्याचेही तसेच. एरवी तो धर्मगुरू देतो. परंतु मूल मरणाच्या दारी असेल आणि पाद्री जवळ नसेल, तर कोणतीही व्यक्ती पाणी ओतून तो देऊ शकते, असा चर्चचा जुना नियम आहे. खाडी, डोंगर आणि समुद्र यांच्या बेचक्यात राहणाऱ्या, पावसाळ्यात बाहेरच्या जगापासून तुटणाऱ्या गावासाठी असा नियम म्हणजे केवढा मोठा आधार! ‘कोणी येवो न येवो, आपले लेकरू देवाच्या पदरात आहे’ हा भरवसा अशा साध्या तरतुदींवर उभा असतो.

११/
कोर्लईच्या चर्चला कार्मेल मातेचे नाव आहे. कॅथलिक पंचांगात तिचा सण १६ जुलैला येतो. कोकणात हे दिवस भाताच्या लावणीचे. समुद्र खवळलेला, वाटा चिखलाच्या, कणगीतले धान्य आटत आलेले. पीक हाती येईल की नाही हे ठाऊक नसताना चिखलात रोप खोवणे आणि उत्तर येईल की नाही हे दिसत नसताना प्रार्थनेला बसणे, या दोन्ही कृतींत एकच आशा असते. शेतावाडीवर जगणाऱ्या समाजाला ती वेगळी शिकवावी लागत नाही.

१२/
आता या इतिहासातील सर्वांत चकित करणारा भाग. या वस्तीने धर्माबरोबर एक भाषाही सांभाळली. तिचे बोलणारे तिला ‘नो लिंग’ म्हणतात. अर्थ साधा : ‘आमची भाषा’. शब्द मुख्यतः पोर्तुगीज वळणाचे, पण वाक्याची घडण मराठी. पोर्तुगीज माणूस ‘मी खातो भात’ या क्रमाने बोलतो. कोर्लईकर आपल्या भाषेत ‘मी भात खातो’ हाच क्रम ठेवतो. दोन भाषांच्या मिलाफातून जन्मलेल्या अशा भाषेला भाषाशास्त्रात ‘क्रिओल’ म्हणतात. जे. क्लॅन्सी क्लेमंट्स यांनी तिच्या घडणीवर लिहिलेला ग्रंथ १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. बोलणारे सुमारे आठशे ते हजार.

१३/
या चिकाटीचे मोल तुलनेने कळते. वसई, साष्टी, मुंबई या पट्ट्यातही अशीच पोर्तुगीज क्रिओल बोलली जात असे. गोव्याचे विद्वान धर्मगुरू सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी १९०६ मध्ये तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. आज ती तेथे उरलेली नाही. कोचीजवळच्या व्हायपिन बेटावरील क्रिओल अस्खलित बोलणारा अखेरचा माणूस २०१० मध्ये वारला. पोर्तुगीज सत्ता दमण-दीवमध्ये १९६१ पर्यंत होती. कोर्लईला तो टेकूही १७४० नंतर नव्हता.

१४/
मग ती टिकली कशी? केवळ निष्ठेमुळे, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. जातिव्यवस्थेने या लोकांना बाहेर ठेवले, म्हणून सोयरिकी आपसांतच झाल्या. खाडीवर पूल नव्हता, रेवदंड्याशी जोडणारा पूल १९८० च्या दशकात आला. शाळाही दूर होती. एकाकीपणाने भाषा राखली. पण एकाकीपणा माणसाला मोडूनही टाकतो. येथे तो वस्तीला बांधून ठेवू शकला, कारण जमण्यासाठी एक वेदी होती आणि एकत्र म्हणण्यासाठी एक प्रार्थना होती. येणारे धर्मगुरू पोर्तुगीज जाणत, उपदेश आणि प्रार्थना पोर्तुगीजमध्ये होत. घरची बोली आणि देवापुढची भाषा एकमेकींना धरून राहिल्या.

१५/
पुढे हा आधारही बदलला. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेत उपासना करण्याची मुभा दिली. त्याच दशकात कोर्लईच्या वेदीवर पोर्तुगीजची जागा मराठीने घेतली. शतकानुशतके ज्या शब्दांत देवाला हाक मारली, ते शब्द बाजूला ठेवावे लागले. तरी हाक थांबली नाही, ती मराठीतून सुरू राहिली. आणि घरात, अंगणात ‘नो लिंग’ चालूच राहिली.

१६/
ही देवघेव एकतर्फी नव्हती, हेही ध्यानात घ्यावे. नाताळ, पाद्री, क्रूस हे शब्द पोर्तुगीजमधूनच मराठीत आले. तसेच पाव, पगार, चावी, साबण, बटाटा, अननस हेही. कोर्लईच्या वस्तीकडे ‘परके’ म्हणून पाहणारा मराठी माणूस साबणाने हात धुऊन पाव खातो, तेव्हा त्याच्या तोंडीही त्याच इतिहासाची अक्षरे असतात.

१७/
आज कोर्लईपुढची कसोटी वेगळी आहे. पूल आला, शाळा मराठी, नोकरी मुंबईकडे. मुलांच्या बोलण्यात मराठीचा वाटा वाढतो आहे. भाषा आणखी किती पिढ्या टिकेल, हे आई-वडील मुलांशी कोणत्या भाषेत बोलतात यावर ठरेल. ज्या उंबऱ्याच्या आत श्रद्धा सांभाळली गेली, त्याच उंबऱ्याच्या आत तिचाही निकाल लागायचा आहे.

१८/
इतिहासाच्या पुस्तकात १७४० ची नोंद एका ओळीत संपते : ‘चौल व कोर्लई मराठ्यांकडे आले.’ ती राज्याच्या बाजूने खरी आहे. पायथ्याच्या माणसांसाठी मात्र त्या ओळीपाशी एक गोष्ट सुरू झाली. त्या दिवसापर्यंत त्यांचा धर्म राज्यकर्त्यांचाही होता. त्यानंतर तो सांभाळण्यात कोणताही लाभ नव्हता आणि सक्ती करणाराही कोणी उरला नव्हता. तरीही त्यांनी तो रोज संध्याकाळी, मणी मोजत, पुढच्या पिढीच्या हाती दिला. जो धर्म आजोबांना कदाचित दिला गेला होता, तो नातवंडांनी अशा रीतीने आपला केला.

१९/
कोर्लईचा किल्ला पाहायला जाल तेव्हा तटावरून तिन्ही बाजूंचा समुद्र जरूर पाहा. उतरताना गावातून जरा सावकाश चाला. वरची बांधकामे ढासळली आहेत, पायथ्याची वस्ती नांदती आहे.

(धागा समाप्त)