अँजिओलॅथिरिझम
अँजिओलॅथिरिझम हा लॅथिरस प्रजातीतील काही विषारी शिंबावंत वनस्पतींच्या बिया खाल्ल्याने होणारा रक्तवाहिन्यांचा विकार आहे. स्वीट पी (लॅथिरस ओडोरॅटस) या शोभेच्या वेलीच्या बियांतील बीटा-ॲमिनोप्रोपिओनायट्राइल या विषामुळे तो उद्भवतो. हे विष लायसिल ऑक्सिडेज या एंझाइमाचे कार्य रोखते. परिणामी कोलॅजेन व इलॅस्टिन यांच्या तंतूंना जोडणारे आडवे बंध तयार होत नाहीत आणि महारोहिणीची भित्ती दुर्बळ होऊन फुगते. ती फुटल्यास अंतर्गत रक्तस्रावाने मृत्यू ओढवतो. हा विकार मुख्यतः प्रयोगांतील उंदीर व टर्की पक्षी यांच्यात अभ्यासला गेला आहे. विदर्भात लाखोळी म्हणून परिचित असलेल्या लाख डाळीच्या अतिसेवनाने माणसाचे पाय लुळे पडतात. तो न्यूरोलॅथिरिझम याहून भिन्न असून ओडॅप या चेताविषामुळे होतो.