नवज्वर
नवज्वर : ज्वराची आरंभीची, दोष अद्याप पक्व न झालेली अवस्था. ‘तरुणज्वर’ व ‘आमज्वर’ या संज्ञा बहुधा याच अर्थी येतात. गार वारा लागल्यावर किंवा पावसात भिजल्यावर अंग मोडून येणे, डोके जड होणे, पडसे व कणकण यांस लोकभाषेत ‘थंडी बाधली’ म्हणतात. आयुर्वेदाच्या वर्गीकरणात ही लक्षणे मुख्यत्वे वातकफज्वराची होत.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसऱ्या अध्यायानुसार प्रकुपित दोष आमाशयात शिरून अग्नीला स्थानभ्रष्ट करतात आणि स्वेदवह स्रोतसे रोधतात. म्हणून अंग तापते, पण घाम सहसा येत नाही. यावर लंघन, स्वेदन, कालप्रतीक्षा, यवागू व तिक्तरस हे उपाय सांगितले असून काढा मात्र वर्ज्य आहे. अपक्व दोष काढ्याने जागीच स्तंभित होतात व त्यातून विषमज्वर उद्भवतो, असे कारण दिले आहे. क्षय, भय, शोक इत्यादींमुळे आलेल्या ज्वरात लंघनही निषिद्ध आहे. घरोघरी लंघनाचा हा नियम पाळला जाई, निषेध मात्र बहुधा विसरला जाई.

चिनी वैद्यकात हाच प्रश्न चांग चुंग-जिंग याने इ. स. २०० च्या सुमारास ‘शांग-हान’ (शीताघात) या विषयावरील ग्रंथात हाताळला. आपल्या दोनशेहून अधिक कुटुंबीयांपैकी दोन-तृतीयांश दहा वर्षांच्या आत मरण पावले व त्यांतील दहांपैकी सात शीताघाताने, असे त्याने प्रस्तावनेत नोंदविले आहे. त्याच्या मते शीत बाहेरून येऊन प्रथम शरीराच्या पृष्ठभागी, ‘थाय-यांग’ या पहिल्या टप्प्यात अडकते. नाडी वर तरंगते, मान आखडते, थंडी सोसवत नाही. घाम येत असल्यास दालचिनीच्या कोवळ्या फांद्यांचा काढा व त्यावर पातळ, कढत पेज; घाम नसल्यास माहुआंगयुक्त काढा. या टप्प्यात रेचक दिल्यास रोग आत शिरतो, असा त्याचा इशारा आहे. माहुआंगमधील एफेड्रीन हे अल्कलॉइड जपानी रसायनज्ञ नागाई नागायोशी यांनी १८८५ मध्ये वेगळे केले.

बंद घाम, पेज आणि अकाली औषधाची भीती हे तिन्ही दोन्हीकडे आढळतात. निदान मात्र उलट आहे. चिनी वैद्य रोग त्वचेशी शोधतो, आयुर्वेदीय वैद्य जठराशी. म्हणून काढा एकाकडे पहिल्याच दिवशी विहित, तर दुसऱ्याकडे वर्ज्य.

पुण्यात १९३३ साली टिळक आयुर्वेद महाविद्यालय स्थापन झाले; त्याच वर्षी लंडनमध्ये मानवी इन्फ्ल्यूएंझाचा विषाणू प्रथमच वेगळा करण्यात आला. पडसे व फ्ल्यू विषाणूंमुळे होतात; थंडी हे त्यांचे मूळ कारण नव्हे. भारतात १९१८ साली मुंबईमार्गे शिरलेल्या साथीतही आरंभ असाच कणकणीने होई व काही दिवसांतच फुप्फुसदाह होऊन रोगी दगावत. त्यामुळे धाप, छातीतील वेदना वा ग्लानी असताना, तसेच वृद्ध, बालके व गर्भवती यांच्या बाबतीत, दोषपाकाची वाट पाहणे धोक्याचे ठरते.