धर्मार्थ खेळ आणि धर्मशाळा

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. पौष महिना होता व आमच्या बोदवडास थंडीचा कडाका पडला होता. भुसावळाहून नागपुराकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हें गांव. येथील फलाटावर व बाजारांतील दुकानांच्या ओट्यांवर रात्रीं गोणपाट पांघरून निजलेलीं माणसें कोणाच्याहि दृष्टीस पडत. त्यांस घोंगड्या द्याव्या, म्हणून गांवांतील कांहीं उत्साही मंडळींनीं गायनाचा एक जलसा योजिला. तिकिटें खपविण्याच्या कामीं आम्हीहि होतों, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. मंडप भरला, गाणेंहि रंगलें. दुसऱ्या दिवशीं हिशेब झाला तेव्हां मंडप, ध्वनिक्षेपक, गवयांची बिदागी आणि पाहुण्यांचा फराळ वजा जातां जें उरलें त्यांत घोंगड्या थोड्याच आल्या. त्याचें आम्हांस फारसें नवल वाटलें नाहीं. मनांत राहिली ती दुसरीच गोष्ट. गाणें चालू असतां एक म्हातारा, खांद्यावर बोचकें घेतलेला, मंडपाच्या दाराशीं येऊन ऐकत उभा राहिला. दारावरच्या स्वयंसेवकानें त्यास तिकीट विचारिलें आणि तें नाहीं असें पाहून बाजूस केलें. त्या मुलाचा दोष नव्हता. त्यास तशीच आज्ञा होती, आणि आज्ञा देणाऱ्यांत आम्ही होतों.

ज्याच्यासाठीं मेळा भरवावयाचा तो मेळ्याच्या आंत कीं बाहेर, हा प्रश्न त्या रात्रीपासून आमच्या पाठीमागें लागला आहे. इतिहास हा आमचा पोटापाण्याचा विषय. तेव्हां संवयीप्रमाणें आम्हीं त्याचें उत्तर जुन्या काळांत शोधूं लागलों. जें सांपडलें त्यांतील कांहीं वाचकांपुढें ठेवीत आहों.

घरदार नसलेल्यांसाठीं गाणें-बजावणें करून द्रव्य उभारण्याची रीत इंग्रजी मुलखांत अठराव्या शतकांत चांगली रुळली होती. हँडेल या संगीतकाराची ‘मेसाया’ ही सुप्रसिद्ध रचना प्रथम गायिली गेली ती डब्लिन शहरीं, १३ एप्रिल १७४२ रोजीं, आणि तीहि धर्मार्थ. कर्जापायीं तुरुंगांत पडलेले कैदी आणि दोन रुग्णालयें यांच्यासाठीं तो जलसा होता. गर्दी इतकी होण्याचा रंग दिसला कीं, स्त्रियांनीं घेरदार झग्यांखालील वेटोळीं घालूं नयेत व पुरुषांनीं तलवारी घरीं ठेवून याव्या, म्हणजे आणखी माणसें मावतील, अशी जाहीर विनंति करावी लागली. त्या उत्पन्नांतून शेंभरावर कर्जदार कैदी सुटले. पुढें १७५० पासून तीच रचना लंडनच्या ‘फाउंडलिंग हॉस्पिटल’साठीं वर्षानुवर्षें गायिली गेली. थॉमस कोरम या वृद्ध दर्यावर्दी गृहस्थानें रस्त्यावर टाकून दिलेल्या मुलांसाठीं खटपट करून १७३९ सालीं राजाची सनद मिळविली व ही संस्था काढिली. रुग्णालय असें नांव असलें तरी तें वस्तुतः अनाथांचें घरच होतें.

येथवर सर्व कौतुकास्पद. परंतु त्याच संस्थेचा दुसरा एक वृत्तांत आमचे इंग्रजीचे अध्यापक सांगत नसत. जागा थोड्या व मुलें घेऊन येणाऱ्या माता पुष्कळ, म्हणून प्रवेशासाठीं सोडत काढीत. प्रत्येक बाईनें थैलींत हात घालून एक चेंडू काढावयाचा. पांढरा निघाला तर मूल आंत, काळा निघाला तर परत, तांबडा निघाला तर कोणाचें मूल रोगी म्हणून नाकारलें जाईपर्यंत थांबावयाचें. आणि हा सोहळा पाहावयास शहरांतील प्रतिष्ठित स्त्रिया येऊन बसत! ज्यांच्या देणगीवर तें घर चाले त्यांसच मातांचे कांपणारे हात पाहण्याची ही सोय होती. निराश्रित येथें मेळ्याच्या आंत आहे खरा, पण तो प्रेक्षणीय वस्तु म्हणून.

आपल्याकडे हा प्रकार रंगभूमीच्या द्वारें आला. नाटकमंडळ्यांनीं एखाद्या शाळेच्या, आश्रमाच्या वा फंडाच्या मदतीसाठीं खेळ लावणें ही गोष्ट संगीत नाटकांच्या भरभराटीच्या काळांत नित्याची झाली. तिचा कळस म्हणजे ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस झालेला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग. खाडिलकरांचें हें नाटक १९११ पासून गाजत होतें. परंतु त्या रात्रीं बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर, असे दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे धनी एका रंगमंचावर उभे राहिले. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडास गेलें. फंड निवाऱ्याचा नव्हता, हें खरें. पण रसिकतेची मिठाई पुढें करून सत्कार्यासाठीं पैसा काढण्याची ही युक्ति किती यशस्वी होऊं शकते, याचा तो प्रयोग पुरावा आहे. अवघ्या तीन महिन्यांनीं, ४ ऑक्टोबर रोजीं, केशवराव वारले, म्हणून त्या रात्रीभोंवतीं आणखी एक करुण वलय आहे. आम्ही या रीतीचे निंदक नाहीं. नाटकाच्या तिकिटांतून आलेल्या पैशावर पुष्कळ संस्थांनीं कौलें चढविलीं असतील. पण त्याच मुंबईंत गिरण्यांच्या आश्रयानें आलेलीं माणसें पदपथावर निजत होतीं, आणि नाट्यगृहाचा दरवाजा व तो पदपथ यांमध्यें एक तिकीट उभें होतें.

यापेक्षां वेगळें उत्तर आम्हांस सांपडलें तें आमच्याच शेजारीं, वऱ्हाडांत. अमरावतीकडून येणारी पूर्णा नदी आकोला व बुलढाणा जिल्हे ओलांडून आमच्या खानदेशांत शिरते आणि चांगदेव येथें तापीस मिळते. याच पूर्णेच्या वरच्या अंगास ऋणमोचन नांवाचें क्षेत्र आहे. पौषांतल्या रविवारीं तेथें यात्रा भरते. नदीची दरड निसरडी, माणसें चिखलांतून घसरत पाण्याशीं जात. २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं शेंडगांवीं एका परीट कुटुंबांत जन्मलेले, अक्षरशत्रु, १९०५ सालीं घर सोडून निघालेले डेबूजी झिंगराजी जानोरकर तेथें आले आणि कांहीं न बोलतां दरडीवर माती-दगड टाकूं लागले. पाहणाऱ्यांपैकीं कांहींजण लाजून हात लावूं लागले. पुढें तेथें बांधीव घाट झाला, व यात्रेंत आंधळ्या-पांगळ्यांस जेवूं घालण्याचा परिपाठ पडला. हातांत मातीचें गाडगें, अंगावर चिंध्या आणि जवळ खराटा, अशा वेषामुळें लोक त्यांस गाडगेबाबा म्हणूं लागले.

त्यांचें कीर्तन हा एक धर्मार्थ खेळच होता, असें म्हटलें तर कोणी रागावूं नये. त्यांत करमणूक भरपूर असे. वऱ्हाडी बोलींतले टोले ऐकून हजारों लोक हंसून लोळत. पण त्याची घडण पाहा. तिकीट नाहीं, मंडपाचा आग्रह नाहीं. कीर्तनापूर्वीं बाबा स्वतः गांव झाडीत, आणि गांवकऱ्यांस खराटा हातीं घ्यावा लागे. मग प्रश्नोत्तरें सुरू होत. कर्ज काढून सण कां करतां? मुलास शाळेंत कां घालीत नाहीं? नवसाला बोकड कां कापतां? उत्तर श्रोत्यांनींच द्यावयाचें. देणगीदार शेटजी आणि गांवकुसाबाहेरचा मजूर एकाच जमिनीवर बसत, आणि अन्नदान असलें कीं मान असे तो पांगळ्याचा व भिकाऱ्याचा. पैशास बाबा स्वतः शिवत नसत. कोणी द्यावयास आला तर त्याचा विनियोग पंचांच्या हातें इमारतींत होई. स्वतः त्या इमारतींत ते राहत नसत, आणि आपल्या नातलगांचा तिच्यावर हक्क चालूं देत नसत. आपण कोणाचे गुरु नाहीं व आपणांस कोणी शिष्य नाहीं, हें त्यांनीं वारंवार बजाविलें होतें. प्रबोधनकार ठाकऱ्यांनीं १९५२ सालीं, बाबा हयात असतांनाच, त्यांचें चरित्र लिहिलें. जिज्ञासूंनीं तें अवश्य पाहावें.

या मेळ्यांतून जें उभें राहिलें त्यांत पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा आम्हांस सर्वांत बोलकी वाटते. तिची उभारणी १९१७ ची सांगतात. तिचें मर्म समजण्यास आमच्याकडची वारी डोळ्यांपुढें आणावी. मुक्ताबाईची पालखी बोदवडाशेजारच्या मुक्ताईनगर-कोथळीहून निघते, आणि आषाढीस पंढरपूर गांठण्यास तिला महिनाभर चालावें लागतें. या वाटेवरच्या वारकऱ्यास बेघर कोण म्हणेल? त्याचें गांवीं घर असतें, शेत असतें, निदान झोंपडी असते. परंतु हाच वारकरी अस्पृश्य गणलेल्या जातींतला असला, तर पंढरींत पोंचतांच तो बेघर होई. त्याच्यासाठीं ना मठ उघडा, ना वाडा, ना देऊळ. पावसांत वाळवंट एवढीच त्याची जागा. म्हणजे निराश्रितपण हें नेहमींच दारिद्र्यापासून येतें असें नाहीं. पुष्कळदां तें दुसऱ्यानें लावून घेतलेल्या दारापासून येतें. विठ्ठल रामजी शिंद्यांनीं १९०६ सालीं मुंबईस अस्पृश्यांच्या शिक्षणासाठीं संस्था स्थापिली तिचें मराठी नांव ‘भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी’ असें होतें. निराश्रित हा शब्द त्यांनीं ज्या अर्थानें योजिला, त्याच अर्थाची भिंत गाडगेबाबांनीं चुन्यादगडांत बांधली.

येथें एक आक्षेप निघतो, व तो आम्ही टाळूं इच्छीत नाहीं. बाबांनीं पंढरपुरांत मराठ्यांची धर्मशाळा निराळी, परिटांची निराळी, अशाहि इमारती उठविल्या. जातिभेदावर कीर्तनांत कोरडे ओढणाऱ्या पुरुषानें जातवार छपरें कां घातलीं? आमच्या मतें याचें कारण त्यांच्या मनांत नसून देणाऱ्यांच्या मनांत होतें. आपल्या जातीच्या छपरासाठीं मनुष्य जितका लौकर थैलीस हात घालतो, तितका सर्वांच्या छपरासाठीं घालीत नाहीं. लोकवर्गणीवर चालणाऱ्या प्रत्येक कामाची ही मर्यादा आहे: देणाऱ्याची दृष्टि जेथपर्यंत पोंचते तेथपर्यंतच भिंत जाते. बाबांनीं ती मर्यादा ओलांडिली नाहीं, असें म्हणावयाचें तर म्हणावें. पण पंढरींत १९४७ च्या मे महिन्यांत साने गुरुजींनीं प्राणांतिक उपोषण आरंभिलें तेव्हां कोठें विठ्ठलमंदिराचें दार हरिजनांस उघडलें. तें घडण्यापूर्वीं तीस वर्षें या माणसानें त्यांच्या डोक्यावर छप्पर घातलें होतें, हेंहि त्याच श्वासांत सांगितलें पाहिजे. (गुरुजी अमळनेरच्या शाळेंत शिक्षक होते, म्हणून आम्हां खानदेशकरांस त्यांचा उल्लेख करतांना थोडा अभिमान वाटला तर क्षमा असावी.) १९४९ सालीं ती धर्मशाळा बाबांनीं डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. एक निरक्षर मनुष्य आपली इमारत शिक्षणसंस्थेच्या हवालीं करून मोकळा होतो, याहून अधिक भाष्य आम्हांस सुचत नाहीं.

नाशिक, आळंदी, देहू वगैरे ठिकाणच्या धर्मशाळांचा वृत्तांत लांबविण्याचें कारण नाहीं. १९५४ सालीं मुंबईस जे. जे. रुग्णालयाशेजारीं जी धर्मशाळा झाली तिची कल्पना मात्र निराळी आहे. ती यात्रेकरूंसाठीं नाहीं, रोग्यांच्या नातेवाइकांसाठीं आहे. जळगांव-धुळ्याकडून मुंबईस दुखणें घेऊन जाणाऱ्या कुटुंबाचा अनुभव ज्यांस असेल ते जाणतील. रोग्यास खाट मिळते. त्याच्या बरोबरची आई रात्रीं कोठें निजते हें कोणी विचारीत नाहीं. ती कांहीं जन्माची बेघर नव्हे, पण त्या महिन्यापुरती ती रस्त्यावर असते. इस्पितळाच्या जिन्याखालीं निजणारीं माणसें मोजून पाहण्याचें कोणा सुशिक्षितास सुचलें नाहीं. ज्यानें जन्मभर उघड्यावर पाठ टेकली त्यास तें आपोआप दिसलें.

८ नोव्हेंबर १९५६ रोजीं मुंबईस वांद्रे येथें पोलिसांपुढें झालेलें बाबांचें कीर्तन ध्वनिमुद्रित झालें, म्हणून तो आवाज आज ऐकूं येतो. त्यानंतर दीड महिन्यानें, २० डिसेंबर रोजीं, अमरावतीजवळ वलगांव येथें ते गेले. पुढें त्यांचें नांव विद्यापीठास दिलें गेलें, ग्रामस्वच्छतेच्या अभियानासहि दिलें गेलें. पण तीनच वर्षांनीं, १९५९ सालीं, मुंबई राज्यानें भिक्षा मागण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. घरोघर भाकरी मागून जेवणारा, चिंध्या पांघरणारा, ठावठिकाणा नसलेला मनुष्य त्या कायद्यानें पकडावा असाच ठरतो. बाबा आणखी कांहीं वर्षें जगते तर पोलिसांपुढें कीर्तन करण्याचा योग त्यांस निराळ्या रीतीनें आला असता!

आतां बोदवडाची राहिलेली हकीकत. पुढच्या पौषांत आमच्या मंडळींत बराच वाद झाला. तिकिटें नसतील तर पैसा येणार नाहीं, असें हिशेबी लोकांचें म्हणणें. तें अगदींच खोटें ठरलें असें नाहीं. अखेर स्टेशनाबाहेरच्या मोकळ्या जागेंत, मंडपावांचून, एका साध्या कीर्तनकाराचें कीर्तन झालें. ओट्यांवर निजणारीं माणसें पुढें बसलीं, झुणका-भाकरीची पंगत आधीं त्यांची झाली, आणि डबा फिरला तो मागाहून. जमलेली रक्कम मागील वर्षापेक्षां कमी भरली. खर्च जवळजवळ नव्हता, म्हणून घोंगड्या मात्र थोड्या अधिकच आल्या. तो म्हातारा त्या पंगतींत होता कीं नाहीं, हें आम्हांस सांगतां येणार नाहीं. आदल्या वर्षीं आम्हीं त्याचें तोंड नीट पाहिलेंच नव्हतें.