मासळीचे मूळ गाव

मौदा हे कन्हान नदीच्या काठचे, नागपूर-भंडारा रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. येथून समुद्र कोणत्याही दिशेने मोजला तरी शेकडो किलोमीटर लांब आहे. तरीही आमच्या आठवडी बाजारात तीन प्रकारची मासळी मांडलेली असते. नदीतली आणि आसपासच्या तलावांतली मरळ, रोहू, झिंगे ढिवर समाजाच्या बाया घेऊन बसतात. आंध्रातल्या तळ्यांत वाढवलेले रोहू-कटला बर्फाच्या पेट्यांतून ट्रकने येतात. आणि किराण्याच्या ओळीला लागून सुकट, जवळा, सुके बोंबील यांचे ढीग असतात. ते कोकणच्या किंवा गुजरातच्या किनाऱ्यावरून व्यापाऱ्यांच्या दोन-चार हातांतून इथवर पोचलेले असतात. पहिल्या ओळीत 'कुठला आहे?' असे विचारले तर 'कन्हानचा आहे भाऊ' किंवा अमुक तलावाचा, असे नेमके उत्तर येते. उरलेल्या दोन्ही ठिकाणी उत्तर एकच: 'बाहेरचा.'

या 'बाहेरच्या'चा इतिहास हा या लेखाचा विषय आहे. बेकायदा मासेमारी थांबवायची तर पकडलेली मासळी कोणत्या पाण्यातली, कोणत्या नौकेने, कोणत्या जाळ्याने धरलेली, हे शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत सांगता आले पाहिजे, असे आज जगभर मानले जाते. याला मी साध्या शब्दांत मासळीचा माग म्हणतो. आपल्याकडे मासेमारीचे कायदे सव्वाशे वर्षे आहेत. मग हा माग इतक्या उशिरा का सुरू झाला, आणि सुरू झाल्यावरही तो मौद्यापर्यंत का पोचत नाही?

पाण्यावर नजर, मासळीवर नाही

सुरुवात फ्रान्सिस डे या मद्रास लष्करातील शल्यचिकित्सकापासून करावी लागते. भारत आणि ब्रह्मदेशातील गोड्या पाण्याच्या मासेमारीवरील त्याचा अहवाल १८७३ साली प्रसिद्ध झाला. त्यासाठी ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांकडून आणि तहसीलदारांकडून माहिती मागवली होती: जाळ्यांचा आस किती बारीक असतो, पिल्ले मारली जातात का, नदीला आडवे बांध घालून मासे अडवतात का. पाण्यातली मासळी घटते आहे आणि तिला कारण माणूस आहे, हे सरकारी कागदावर एवढ्या विस्ताराने त्यात आले. पुढे चोवीस वर्षांनी, १८९७ मध्ये, भारतीय मत्स्यव्यवसाय कायदा झाला. स्फोटके टाकून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणे गुन्हा ठरले. शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. स्फोटकांच्या कलमात समुद्रही आला, पण किनाऱ्यापासून एका सागरी लीगपर्यंतच. म्हणजे तीन सागरी मैल.

या कायद्याची दृष्टी पाण्यावर आणि साधनांवर होती. सुरुंग टाकताना कोणी सापडला तर तो गुन्हेगार. एकदा मासा टोपलीत पडून बाजारात आला की त्याच्याकडे पाहून तो कसा मारला हे ठरवण्याची काही सोय नव्हती. त्या काळी तशी गरजही कमी भासली असावी. मासळी नासण्याआधी फार लांब जात नसे. लांब जाई ती सुकवलेली.

तलाव ओळखीचे असतात तेव्हा

आमच्या पूर्व विदर्भात माग ठेवण्याची वेगळी रीत होती, आणि तिला कागद लागत नव्हता. नागपूर जिल्ह्याचा पूर्व भाग, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा मालगुजारी तलावांचा मुलूख. कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळापासून बांधलेले हे तलाव धानाला पाणी देत, आणि त्यांतली मासेमारी ढिवर समाज करी. कोणत्या तलावात कोण जाळे टाकणार हे गावाला ठाऊक असे. त्यामुळे बाजारात आलेल्या माशाचे गाव आणि विकणाऱ्याचे गाव बहुधा एकच असे. चोरून धरलेली मासळी विकायची तर ती ओळखीच्या माणसांसमोरच विकावी लागे.

१९५० च्या कायद्याने मध्य प्रांतातील मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. पुढे ते मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने मिळू लागले. ठेक्याच्या कागदावर तलावाचे नाव, संस्थेचे नाव आणि मुदत आली. म्हणजे माग ठेवण्याची निम्मी कागदी तयारी तेव्हाच झाली होती. पण तो कागद भाडे वसूल करण्यासाठी होता, मासळीसोबत बाजारात येण्यासाठी नव्हता. आज गोसीखुर्दच्या फुगवट्याचे पाणी आंभोऱ्यापर्यंत येते आणि नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे त्याच पाण्यात उतरते. अशा वेळी स्वच्छ तलावातला मासा आणि त्या पाण्यातला मासा एकाच पाटीत आला, तर गिऱ्हाइकाला फरक कळण्याचा मार्ग नाही. नुकसान स्वच्छ तलाव राखणाऱ्या संस्थेचे होते.

बारा मैलांची रेघ

समुद्रावर हा प्रश्न अधिक अवघड झाला, कारण तेथे पाण्यालाच दोन मालक आहेत. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतील २१ वी नोंद मत्स्यव्यवसायाची आहे, तर प्रादेशिक समुद्रापलीकडील मासेमारी ही केंद्रसूचीतील ५७ वी नोंद आहे. १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याने प्रादेशिक समुद्र १२ सागरी मैल आणि अनन्य आर्थिक क्षेत्र २०० सागरी मैल ठरले. माशाला ही रेघ दिसत नाही. नौकेला दिसते, पण ती पाळली की नाही हे बंदरात उतरलेल्या मासळीवरून कळत नाही.

राज्यांचे कायदे आले तेही एकत्र आले नाहीत. सत्तरच्या दशकात गोव्यात यांत्रिक ट्रॉलरविरुद्ध रापणकारांचे आंदोलन पेटले. माथानी साल्ढाणा त्याचे पुढारी. अशा आंदोलनांच्या रेट्यातून गोवा आणि केरळचे सागरी मासेमारी नियमन कायदे १९८० साली झाले. महाराष्ट्राचा १९८१ चा, कर्नाटकाचा १९८६ चा, आणि गुजरातचा थेट २००३ चा. एकाच अरबी समुद्राच्या सलग किनाऱ्याचे नियम तयार व्हायला तेवीस वर्षे लागली. एका राज्यात गुन्हा ठरणारी गोष्ट शेजारच्या बंदरात चालते, ही अडचण पहिल्या दिवसापासून होती.

महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात दंडाचा हिशेब मासळीच्या किमतीवर, तिच्या पाचपटीपर्यंत, असा होता. याचा अर्थ नौका समुद्रात मासळीसकट पकडली पाहिजे. सिंधुदुर्गातल्या पारंपरिक मच्छीमारांनी मलपीच्या वेगवान ट्रॉलरविरुद्ध वर्षानुवर्षे केलेल्या तक्रारींचे मूळ येथे आहे. गस्तीनौका पोचेपर्यंत ट्रॉलर हद्द ओलांडून जातो, मासळी आपल्या राज्यात उतरवतो, आणि लिलावाच्या ओट्यावर ती इतर मासळीसारखीच मासळी होते. मालवणच्या पाण्यातून गेली म्हणून तिच्यावर शिक्का नसतो. २०२१ च्या दुरुस्तीने महाराष्ट्राने दंड पुष्कळ वाढवले आणि निवाड्याचे काम तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्तांकडे दिले. सुधारणा योग्यच होती. पण तीही नौकेची होती, मासळीची नव्हती.

मासळीला प्रश्न विचारला तो दोघांनी

'ही कुठली?' हा प्रश्न शासनाने गंभीरपणे विचारला तो दोन प्रसंगी, आणि दोन्ही वेळा कारण मासे टिकवणे हे एकटे नव्हते.

पहिला प्रसंग २६ नोव्हेंबर २००८ चा. मुंबईवर हल्ला करणारे अतिरेकी 'कुबेर' ही पोरबंदरची मासेमारी नौका पळवून आले. त्यानंतर नौकांची नोंदणी, राज्यवार रंग, खलाशांची बायोमेट्रिक ओळखपत्रे यांना वेग आला. कोणती नौका कोठली हे सांगण्याची पहिली देशव्यापी खटपट सुरक्षेपोटी झाली.

दुसरा प्रसंग बाजारपेठेचा. युरोपीय संघाचा २००८ चा नियम १ जानेवारी २०१० पासून लागू झाला: समुद्रातून पकडलेल्या मासळीसोबत नौकेच्या देशाने प्रमाणित केलेला पकड-दाखला नसेल तर ती युरोपात उतरणार नाही. भारतात हे काम १९७२ साली स्थापन झालेल्या सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणाकडे आले. लहान नौकांसाठी सोपा दाखला ठेवला गेला. २०१८ पासून अमेरिकेनेही आपली आयात-तपासणी सुरू केली.

म्हणजे ज्या देशाने १८९७ पासून मासेमारीवर कायदे केले, त्याच्या मासळीला मूळ गाव मिळाले ते परदेशी गिऱ्हाइकाने विचारले म्हणून. ससून डॉकवर उतरलेल्या माकुळाच्या एका पेटीला, ती स्पेनला जाणार असेल तर, नौकेचे नाव असते. त्याच नौकेतला जवळा मौद्याला येतो तेव्हा त्याला नाव नसते.

एकट्याने होत नाही

दाखला एकट्या देशाने दिला तरी पुरत नाही, हे शेजाऱ्यांच्या अनुभवातून दिसले. श्रीलंकेला युरोपीय संघाने २०१२ मध्ये ताकीद दिली आणि २०१५ च्या जानेवारीत तिची मासळी बंद केली. नौकांवर देखरेख यंत्रणा, नवे कायदे, नोंदवह्या हे सारे झाल्यावर २०१६ च्या जूनमध्ये बंदी उठली. आग्नेय आशियात ११ देशांनी २००७ साली बालीत प्रादेशिक कृती आराखडा मान्य केला. एका देशात पकडायचे आणि दुसऱ्याच्या बंदरात उतरवून स्वच्छ करायचे, ही वाट अडवणे हा त्याचा एक हेतू. बंगालच्या उपसागरात भारत, श्रीलंका, बांगलादेश आणि मालदीव यांची चेन्नईस्थित संघटना २००३ पासून अशा कामात आहे.

देशादेशांत जे लागते तेच आपल्या राज्याराज्यांत लागते, आणि ते जमू शकते याचा दाखला आपल्याकडेच आहे. पावसाळी बंदीच्या तारखा पूर्वी राज्यागणिक वेगळ्या असत. २०१५ पासून केंद्राने पश्चिम किनाऱ्यासाठी १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस ठरवले. केरळने आपल्या पाण्यात वेगळी मुदत ठेवली आणि आपल्या कोळी बांधवांपैकी अनेकांना बंदी नारळी पौर्णिमेपर्यंत हवी आहे. तरी शेजारच्या राज्यांची जाळी बरोबर थांबतात, हे घडले.

त्याच धर्तीवर लहान माशांचा नियम पाहता येतो. केरळने २०१५ मध्ये किमान कायदेशीर आकार ठरवला. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी तो ठरवला. पापलेट राज्यमासा झाला तेही त्याच वर्षी. मला हा नियम सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण कायद्याचे लक्ष येथे प्रथमच पाण्यावरून मासळीवर आले. फूटपट्टी बंदरात लावता येते, तशी नागपूरच्या ठोक बाजारातही लावता येईल. मात्र शेजारच्या राज्याचा आकार वेगळा असेल, तर 'हा तिकडचा' एवढे म्हणून व्यापारी सुटतो. त्याला खोडून काढायला मागच हवा. २०२५ च्या नोव्हेंबरात केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रातील मासेमारीचे नियम आणि मासळीच्या मागाचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. प्रश्न आता कागद असण्याचा नाही, तो कोणासाठी वापरला जातो याचा आहे.

येथे एक धोका सांगितला पाहिजे. निर्यातदाराला दाखल्यासाठी कारकून ठेवता येतो. डोल जाळे लावणाऱ्या कोळ्याला किंवा तलाव ठेक्याने घेणाऱ्या ढिवर संस्थेला ठेवता येत नाही. मागाचा सारा भार त्यांच्यावर पडला, तर नियम पाळणारेच बाजाराबाहेर जातील आणि पर्ससीनवाल्यांचे कागद तेवढे नीट राहतील. सहकारी संस्थेच्या ठेक्याचा कागद, बंदरावरची लिलावाची नोंद, व्यापाऱ्याची पावती हे आधीच असलेले दुवे जोडणे, आणि जोडणीचे काम संस्थेने व खात्याने करणे, हाच रास्त रस्ता दिसतो.

आमच्या बाजारात ढिवर बाई आपल्या माशाचे गाव विनाकागद सांगते, कारण ते तिचेही गाव असते. सुकटीच्या ढिगालाही कुठल्या तरी कोळीवाड्याचे नाव असते. ते वाटेत गळून पडते. ज्या दिवशी मौद्यातले गिऱ्हाईक 'बाहेरचा' हे उत्तर पुरेसे मानणार नाही, त्या दिवसापासून हद्द ओलांडून मासळी पळवणाऱ्या ट्रॉलरला एक बाजार कमी मिळेल.