सीरियलायझेशन: ओवलेली माहिती

लॅटिनमध्ये 'सेरेरे' म्हणजे ओवणे, एकापुढे एक जोडणे. त्यातून 'सीरिज' आले, 'सीरियल' आले. हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी 1890 मध्ये सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः छापली गेली, ते या शब्दाचे जुने, छापील रूप. संध्याकाळच्या टीव्ही मालिकेलाही आपण 'सिरियल'च म्हणतो.

संगणकाने हा धातू अगदी मुळार्थाने वापरला. प्रोग्रॅममधली वस्तू मेमरीत विखुरलेली असते: एक भाग इथे, दुसऱ्याचा नुसता पत्ता तिथे. ती साठवायची तर बाइट्सची एकच सरळ ओळ करावी लागते. हेच सीरियलायझेशन.

मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये ही ओळ 'बीसॉन' या स्वरूपात मांडतात. त्याला आकडे, मजकूर, तारखा कळतात. प्रोग्रॅमरने स्वतः घडवलेला प्रकार मात्र कळत नाही. पायथन भाषेतला अचूक दशांशांचा 'डेसिमल' प्रकारही तसाच दिला, तर पायथनला मोंगोडीबीशी जोडणारे पायमोंगो तो दस्तऐवज, म्हणजे ती नोंद, नाकारते. हा नकार योग्यच आहे, कारण पैशाचा हिशेब गुपचूप द्विमान 'फ्लोट' आकड्यांत गेला तर 0.1 सुद्धा अचूक उरत नाही. म्हणून 'टाइपकोडेक' हा रूपांतरक लिहायचा: जाताना डेसिमलचा बीसॉनला कळणारा 'डेसिमल128' करणारा, परतताना उलट.

मग तो दस्तऐवज 'इन्सर्ट' होतो. गंमत अशी, की हाही शब्द त्याच घराण्यातला: 'इन' अधिक 'सेरेरे', म्हणजे आत ओवणे.